रिकाम्या यंत्रांचा तक्ता

अण्णांच्या मिशीला हळद लागली होती. दोन्ही बाजूंना, अगदी सारखी.

टेबलफॅनला डावीकडून उजवीकडे जायला सात सेकंद लागतात. परत यायलाही सात. मी मोजलंय.

"तिकडं पाणी हाय का?"

पुण्याचा संघ तेविसाव्या क्रमांकावर. नाशिकचा संघ चार हजार सहाशे नवव्या.

गॅस्केट, सहा नंबर, दोन भोकांचं: तिसरं कपाट, वरून दुसरा खण, डाव्या हाताला, बिस्किटांच्या डब्यात.

खंडेनवमीला यंत्र चालवू नये. लेथ नाही, ड्रिल नाही, काही घरांत तर विळीसुद्धा नाही.

थांबा, थांबा! पानं शिवताना कुणाची चूक झालेली नाही. हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे, फक्त ती गोष्ट माझ्या हातून जशी घडली तशीच सांडली आहे. आता गोळा करतो.

माझा दावा असा की, सन दोन हजार एकमध्ये सातपूरच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत माझ्या अर्जाइतका मुद्देसूद अर्ज कुणीही लिहिला नव्हता! लोक रजेचे अर्ज लिहितात, पाळी बदलून मागतात. आमच्याकडे एकाने कॅन्टीनच्या रश्श्याविरुद्ध तीन पानं लिहिली होती. पण 'ऑफिसचे कॉम्प्युटर परग्रहावरचे जीव शोधण्यासाठी वापरू द्यावेत' असा अर्ज? एकमेव!

आमचा कारखाना पंपांचा. मालक मल्हारी अण्णा मूळचे निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. एकदा ऐन फवारणीत त्यांचा पंप बिघडला, तीन दिवस दुरुस्त करणारा मिळाला नाही, तेव्हा अण्णांनी रागाच्या भरात पंपांचा कारखानाच काढला. असा माणूस. आणि मी तिथला संगणक विभाग. म्हणजे मी, एक टेबल, टेलिफोनच्या तारेवर किंचाळत चालणारा एक मोडेम आणि वर सांगितलेला टेबलफॅन. माझं नाव कुंदन. पण कारखान्यात एक-दोघं सोडले तर कुणी ते वापरत नसे. "ए कंप्युटर!" अशी हाक आली की मी वळायचो.

आता तो परग्रहाचा प्रकार. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडे आकाशातून आलेल्या आवाजाचा ढीग पडला होता. त्यातली नुसती खरखर कुठली आणि कुणी मुद्दाम मारलेली हाक कुठली, हे निवडायला त्यांचे कॉम्प्युटर पुरत नव्हते. म्हणून त्यांनी त्या आवाजाची छोटी छोटी पुडकी बांधली आणि जगभर वाटली. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा बसला असेल त्याने एक पुडकं न्यावं, निवडावं, परत पाठवावं. आपण खुर्चीवरून उठलो की पडद्यावर रंगीबेरंगी डोंगर उगवायचे, म्हणजे निवडणं सुरू. आपण माऊसला नुसता हात लावला की डोंगर गायब, काम बंद. फुकटचं, विनातक्रार, जगाच्या भल्याचं काम! बायकांनी दुपारी गप्पा मारता मारता तांदूळ निवडावेत तसं.

आणि संघ होते. शहरांचे संघ! पुण्याच्या संघात तीनशे माणसं. नाशिकच्या संघात मी.

सांगा, स्वस्थ कसं बसायचं?

*

अर्ज

माननीय अण्णासाहेब यांस,

सविनय अर्ज करतो की, आपल्या कार्यालयातील नऊ कॉम्प्युटर कामाच्या वेळातही बराच काळ रिकामे असतात. तो रिकामा वेळ विज्ञानाला द्यावा. यात आपला तोटा नाही. नाशिकचं नाव मात्र होईल. कामाला धक्का लागणार नाही याचा पुरावा म्हणून प्रत्येक यंत्र आठ तासांच्या पाळीत किती वेळ रिकामं असतं, याचा तक्ता जोडला आहे.

खरेदी: तीन तास दहा मिनिटं.
डिस्पॅच: चार तास.
अकाउंट्स: दोन तास पन्नास मिनिटं.
स्टोअर: सात तास पन्नास मिनिटं.
(बाकीची चार यंत्रं मागील पानावर.)
संगणक विभाग: मोजलेलं नाही.

आपला आज्ञाधारक, कुंदन.

*

बघितलंत? मिनिटांपर्यंत! तो तक्ता मी तीनदा छापला. समासाची लाल रेघ आखली. त्या रेघेने एका बाईची नोकरी कापली जाईल, हे मला कसं कळावं?

अण्णांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठं शोधायचं म्हनला? मंगळावर?"

"नाही अण्णा, त्याच्याही लांब. सूर्यमालेबाहेर."

"बाबौ! आपला डीलर धुळ्याच्या म्होरं नाय." अण्णा विचारात पडले. मग एकदम पुढे झुकले. "तिकडं पाणी हाय का?"

"असू शकतं, अण्णा. जीव असेल तर पाणी असणारच."

"मंग पंप लागंल!"

मी मान डोलावली. परवानगी मागायला गेलेल्या माणसाने साहेबाच्या आशेत काडी घालू नये.

"पन आपल्याला कळंल का आधी? का पुन्यावाले पयले पोचतील?"

"म्हणून तर अर्ज केलाय, अण्णा!"

झालं! सही! लफ्फेदार! मी अर्ज उचलायला हात पुढे केला, तर अण्णांनी वरचं पान दिलं आणि खालचं धरून ठेवलं.

"हा तक्ता राहू दे माझ्यापाशी. झ्याक बनवलाय."

मी हसत हसत बाहेर आलो. मूर्ख!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं.

"कुंदन, स्टोअरचा कंप्युटर सात तास पन्नास मिनिटं रिकामा?"

"हो, अण्णा. संघाला त्याचा फार उपयोग—"

"पाळी किती तासांची?"

"आठ."

"म्हंजे वत्सलाबाई धा मिनिटं काम करत्यात."

मी तक्त्यावर बोट ठेवलं.

"तसं नाही, अण्णा. तो यंत्राचा वेळ आहे. बाईंचा—"

"हे बघ," अण्णा शांतपणे म्हणाले, "माझ्या बापानं मला येकच शिकवलं. बैल उभा दिसला की समजायचं, गडी झोपलाय. दसऱ्यानंतर स्टोअर डिस्पॅचला जोडून टाकतो. बाईंना मोकळं करू. खंडेनवमीच्या पूजेला सगळ्यांम्होरं सांगतो, म्हंजे मागून कुरबूर नको. तंवर दर शुक्रवारी मला ह्यो तक्ता पायजे. आन् बाईंना आधी बोलायचं नाय."

मी दारापर्यंत पोचलो तर मागून आवाज आला.

"कुंदन! तुझा आकडा कुठाय रे यात?"

*

वत्सलाबाईंबद्दल.

एकोणीस वर्षं स्टोअरला. साडेतीन हजार सुटे भाग, आणि प्रत्येकाचा पत्ता तोंडपाठ. स्टोअरला एक खिडकी होती, आणि खिडकीशी सकाळपासून कामगारांची रांग. "बाई, सील द्या!" "बाई, मागच्या वेळचा बोल्ट आटेच घेत नाही!" बाई शिडीवर, बाई कपाटामागे, बाई जमिनीवर बसून बेअरिंगं निवडताहेत. प्रत्येक भागाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर पेन्सिलीने दिलं-घेतलं. कॉम्प्युटर त्यांना दोन वर्षांपूर्वी दिला होता. त्याला त्यांनी स्वतः शिवलेला फुलाफुलांचा झगा घातला होता. तक्त्यातली दहा मिनिटं होती ना? त्या वेळात त्या माऊस फडक्याने पुसत.

आणखी एक. वत्सलाबाईंच्या समजुतीप्रमाणे पडदा म्हणजेच कॉम्प्युटर. खालचा खोका हा त्याचा स्टॅबिलायझर असावा. त्यामुळे संध्याकाळी त्या इमानेइतबारे पडदा बंद करून घरी जात, आणि खोका बिचारा रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, चालूच. धूळ जाऊ नये म्हणून त्याचं तोंड त्यांनी भिंतीकडे केलं होतं आणि पाठ खोलीकडे.

म्हणजे नाशिकच्या संघात चोवीस तास राबणारा एकच खेळाडू होता. कोण, ते ओळखलंतच.

*

बाईंना बोलायचं नाही असं अण्णांनी बजावलं होतं. इतरांना बोलायचं नाही असं नव्हतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. तिला तिथे जागाच नाही. मी फक्त खरेदी विभागाला सांगितलं. खरेदी विभागाने शपथेवर फक्त डिस्पॅचला. चहाच्या सुट्टीपर्यंत बाई सोडून सगळ्यांना ठाऊक झालं की अण्णा दर शुक्रवारी तक्ता बघतात, आणि ज्याचं यंत्र रिकामं तो माणूस रिकामा!

आणि मग सुरू झाला माऊसचा संसर्ग.

माऊसला हात लावला की रिकामेपणाची मोजणी थांबते, हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं ना! अकाउंट्सवाले उजव्या हाताने माऊस घोळवत डाव्या हाताने लिहू लागले. त्यांचं अक्षर गोगलगाय शाईत बुडवून सोडल्यासारखं दिसू लागलं. डिस्पॅचवाल्याने फोन खांद्यात धरला, पोळीचा घास एका हातात, माऊस दुसऱ्यात. खरेदी विभाग तर जागेवरून उठेनासाच झाला. एकाला बाहेर जायचं असलं की दुसरा दोन माऊस सांभाळायचा, दोन लेकरं जोजवावीत तसे. सगळ्या ऑफिसात खसखस पिसल्यासारखा आवाज! पत्रं पडून, पंप गोदामात, आणि येणारा प्रत्येक डीलर एकच सांगे, "काय कामात असतात हो तुमची माणसं! मान वर नाही!"

शुक्रवारचा तक्ता: खरेदी शून्य. डिस्पॅच शून्य. अकाउंट्स शून्य. सगळे शून्य. स्टोअर सात तास पन्नास मिनिटं.

"बघ!" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "तुझ्या तक्त्यानं हापिसातला आळस पार धुऊन काढला! ऱ्हायला येकच डाग."

आणि मी? माझाही आकडा आता तक्त्यात येत होता. पण मला मोडेम बघायचा असतो, प्रिंटरशी झटायचं असतं, जग जोडायचं असतं! माऊस किती हलवणार? मी टेबलफॅनच्या जाळीला दोरा बांधला. दुसरं टोक माऊसच्या शेपटीला. फॅन डावीकडे, माऊस डावीकडे. फॅन उजवीकडे, माऊस उजवीकडे. चौदा सेकंदांत एक फेरी, दिवसाला दोन हजारांवर फेऱ्या. संगणक विभाग: शून्य!

शास्त्रज्ञ असेच असतात.

*

पण रोज खिडकीपुढून जाताना बाई हाक मारायच्या. "कुंदन, जेवलास का? वालाची उसळ आणलीय." अशा वेळी माणसाला उसळ गिळताना काय होतं, ते ज्याने तक्ता बनवलाय त्यालाच ठाऊक.

एकदा मी जेवणाच्या सुट्टीत हळूच स्टोअरमध्ये शिरलो आणि त्यांचा माऊस घोळवू लागलो.

"काय रे, पुसतोस?" शिडीवरून आवाज आला. "सकाळीच पुसलाय मी."

"बाई, थोडं शिकून घ्या ना हे! रोज एक-एक तास. कार्डं याच्यात चढवू."

"शिकते की. हे एवढे सील दिले की शिकते." खिडकीशी अकरा माणसं होती. "बेअरिंगं लावली की शिकते. तू बस, उभा का? अरे थांब, खुर्चीवर पंख्याची पाती ठेवलीत, तिथे नको. त्या खोक्यावर बस."

तक्त्यात खोटा आकडा घालावा, हाही विचार मनात आला. पण अण्णा आता स्वतः फेरी मारू लागले होते. स्टोअरच्या दारातून डोकवायचे, झग्याआडून झळकणारे रंगीत डोंगर बघायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. जणू डोंगराच्या पायथ्याशी बाई घोरत पडल्या होत्या.

तेवढ्यात मला सुचलं! मोडेमची तार जोडल्यावरच मला नेहमी सुचतं. त्या विद्यापीठाचा नियम होता: शंभर पुडकी निवडणाऱ्याला नावाचं प्रमाणपत्र. आणि यंत्रं मी ज्याच्या त्याच्या नावाने नोंदवली होती. अमेरिकेच्या विद्यापीठाचं प्रमाणपत्र, वर सोनेरी चक्र, खाली इंग्रजी सही, मध्ये 'वत्सलाबाई'! ते पूजेत सगळ्यांसमोर अण्णांच्या हातात ठेवलं तर? ज्या बाईला अमेरिका मानते तिला मल्हारी अण्णा मोकळं करतील? आमच्या अण्णांनी जर्मनीहून आलेल्या एका मशिनचं खोकंसुद्धा तीन वर्षं फेकू दिलं नव्हतं!

त्या दिवशी बाईंची पुडकी झाली होती एक्याऐंशी. खंडेनवमीला बारा दिवस. एका पुडक्याला साधारण पंधरा तास. मी हिशेब केला. जमत होतं. अगदी काठावर, पण जमत होतं!

मी रोज फ्लॉपीवर पुढची पुडकी घेऊन स्टोअरला जायचो, निवडलेली घेऊन परत यायचो. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. पुण्याचा संघ गेला खड्ड्यात. मला आता फक्त शंभर दिसत होते.

*

खंडेनवमी. सकाळी नऊ. बाईंचं शंभरावं पुडकं, ब्याण्णव टक्के.

इथे युनियनच्या पुंजाभाऊंची ओळख करून दिली पाहिजे. एरवी भला माणूस. पण खंडेनवमीच्या बाबतीत कडक. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी या दिवशी लेथ चालवला आणि त्याचं बोट गेलं, असं ते सांगतात. बोट नक्की कुणाचं ते दर वर्षी बदलतं. पूजेआधी पुंजाभाऊ अख्ख्या कारखान्यात फिरून प्रत्येक बटण स्वतः बंद करतात आणि त्यावर कुंकवाचं बोट लावतात. कुंकू लागलेलं बटण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्या बापाने दाबायचं नाही.

"पुंजाभाऊ, स्टोअरचं मी बंद केलंय हो!" मी दारातच आडवा झालो.

"पडदा काळा हाय," त्यांनी मान आत घालून खात्री केली, पडद्यावर कुंकू लावलं आणि गेले. पुंजाभाऊंचाही कॉम्प्युटर म्हणजे पडदाच. देव पावला! खोका आपला चालू. चौऱ्याण्णव टक्के.

एक गोष्ट मी विसरलो होतो. वर्षभर स्टोअरच्या भिंतीपलीकडे कंप्रेसर धडधडत असतो. त्यात हत्ती शिंकला तरी कळणार नाही. पण त्या दिवशी सगळा कारखाना गप्प. इतका गप्प की झेंडूच्या माळा ओघळल्याचं ऐकू यावं. आणि त्या शांततेत वत्सलाबाईंचा खोका: घर्रर्रर्र.

पावणेदहाला मंडळी पूजा करत करत स्टोअरमध्ये आली. अण्णा, गुरुजी, पुंजाभाऊ, मागे साठ-सत्तर माणसं. बाई नवं लुगडं नेसून कपाटापाशी. सत्त्याण्णव टक्के असावेत.

घर्रर्रर्र.

मी आरती सुरू केली. मोठ्याने! गुरुजी दचकले, त्यांचा अजून संकल्प चालला होता. मी टाळ्या वाजवल्या. मागच्यांना वाटलं खरंच आरती आहे, त्यांनीही वाजवल्या. देवीची झाली, गणपतीची झाली, शंकराची झाली. मला येत होत्या तेवढ्या संपल्या. मग मी पहिलीच पुन्हा सुरू केली.

"बास की रे!" अण्णा खेकसले. "घसा बसंल. हळद द्या हिकडं."

बाईंच्या यंत्राची ही या हापिसातली शेवटची पूजा, या भावनेने असेल, अण्णांनी ती स्वतः करायचं ठरवलं. पडदा नको, खोक्याला. ओंजळभर हळद घेतली, खाली वाकले. खोक्याची पाठ खोलीकडे होती हे मी सांगितलंच आहे. आणि पाठीला पंखा असतो.

भस्स!

अण्णा सरळ झाले तेव्हा अण्णा नव्हते. जेजुरीहून नुकतं आलेलं काहीतरी होतं. भुवया पिवळ्या, चष्मा पिवळा, मिशीला दोन्ही बाजूंना सारखी हळद.

मग पुंजाभाऊंचा आवाज फुटला.

"यंत्र चालू हाय! खंडेनवमीला! अरे कुणाचं बोट घालवायचंय रे?" आणि ते सरळ प्लगवर झेपावले.

"नको! पुंजाभाऊ, अठ्ठ्याण्णव टक्के झालेत!"

खटॅक.

घर्रर्र थांबलं. शंभरावं पुडकं गेलं. मी तिथेच बेअरिंगांच्या पेटीवर बसलो.

"कसले अठ्ठ्याण्णव?" अण्णांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती तेवढे दोन गोरे गोल.

मी सगळं सांगितलं. साठ-सत्तर माणसांसमोर. अर्ज, तक्ता, सात तास पन्नास मिनिटं, दसऱ्यानंतर बाईंना मोकळं करणं, प्रमाणपत्र, सगळं. बोलताना मी बाईंकडे बघितलं नाही.

"मला काढणार होतात?" बाई म्हणाल्या. हळू आवाजात, अण्णांना उद्देशून.

"बाई, यंत्र दिवसभर उभं ऱ्हातं तुमचं," अण्णा म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. पिवळ्या तोंडाने दरडावता येत नाही. "बैल उभा दिसला की—"

"गडी झोपलाय. माहितीय. माझे वडीलपण हेच म्हणायचे, ओझरला." बाईंनी पदर खोचला. "पण अण्णा, बैल उभा असला तर गडी पाठीवर पोतं घेऊन पुढे चालत गेला असेल, असंही असतं. आधी गाडीत बघायचं, मग बांधावर बघायचं. तुम्ही नुसता बैल बघितलात. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. विचारायला कुणी आलंच नाही. हा कुंदन येत होता, तर तो आपला माऊस पुसायचा."

पुंजाभाऊ पुढे आले.

"अण्णा, सरळ सांगतो. बाई चार दिस लेकीच्या बाळंतपनाला मनमाडला गेल्त्या, तवा आमची लाईन तीन दिस बंद व्हती. सा नंबरचं गॅस्केट कुठं हाय ते ना तुमाला म्हाईत, ना ह्या कंप्युटरला. बाई न्हाय तर परवा बटनावरचं कुंकू आमी पुसत न्हाय. बघा तुमी!"

मागची साठ-सत्तर माणसं पुंजाभाऊंच्या शेजारी आली. नुसती उभी राहिली. ते पुरेसं होतं.

अण्णांनी कपाटांवरून नजर फिरवली. मग त्यांनी खिशातून शुक्रवारचा तक्ता काढला, त्यावर हळदीचा अंगठा उमटला.

"मंग हे शून्यवाले कोन?"

मला त्या क्षणी लहानपणापासूनचं सगळं आठवलं.

"संगनक विभाग," अण्णांनी वाचलं, "सहा आठवडे, शून्य मिनिटं रिकामा. वा! चला, त्याची पूजा ऱ्हायलीच हाय."

मिरवणूक माझ्या टेबलाकडे निघाली. यंत्र बंद होतं, त्यावर माळ होती, बटणाला कुंकू होतं. पण ऑक्टोबरचा उकाडा, आणि पंखे काही यंत्रांत धरत नाहीत. टेबलफॅन चालू होता. डावीकडे सात सेकंद, उजवीकडे सात सेकंद. आणि त्याच्याबरोबर, बंद पडलेल्या कॉम्प्युटरपुढे, झेंडूच्या पाकळ्यांतून, माझा माऊस एकनिष्ठपणे कामावर!

साठ-सत्तर माणसं तीन फेऱ्या बघत राहिली.

"ह्याला," अण्णा पंख्याकडे बोट करून म्हणाले, "कायम करा."

मग जे हसणं फुटलं ते म्हणे शेजारच्या कारखान्यात ऐकू गेलं. तिथेही पूजाच चालली होती.

*

अर्जावरचा अंतिम शेरा, अण्णांच्या अक्षरात, कडेला पिवळा डाग: 'परवानगी रद्द. वरून पंपाची मागणी आल्यास पुन्हा विचार करू. कुंदन याने रोज दुपारपर्यंत स्टोअरला वत्सलाबाईंच्या हाताखाली काम करावं. तक्ते बंद.'

वत्सलाबाईंनी मला पहिलं काम दिलं: साडेतीन हजार कार्डं कॉम्प्युटरमध्ये चढवणं. त्या शिडीवरून सांगायच्या, मी खाली बसून टाइप करायचो. खुर्चीवर अजूनही पंख्याची पाती होती, म्हणून खोक्यावर बसून. पहिल्या महिन्यात मला उसळ मिळाली नाही. दुसऱ्या महिन्यात डबा माझ्याकडे सरकला, बोलल्या मात्र एवढंच, "वाल आहेत. सोलताना वेळ मोजला नाही."

स्टोअरचं यंत्र आता पाळीत एक मिनिटही रिकामं नसे. नाशिकचा संघ यादीतून केव्हा गळला ते मला बघता आलं नाही.

अर्ज दिला त्याच्या तीन आठवडे आधीपासून तो प्रोग्रॅम नऊच्या नऊ यंत्रांवर चालू होता. नाहीतर मिनिटांपर्यंतचा तक्ता कुठून आला असता?